केरेलिंग महाराजांची सेविका

समाधीच्या दगडाला शेळी बांधू नये, एवढी अक्कल जगदेवीला होती. तरी तिनं बांधली होती. एक दिवस नाही, सतरा वर्षं. कधी शेळी, कधी तिची करडं, आणि सुगीत तर त्याच दगडाला टेकून कडब्याच्या पेंढ्या उभ्या राहायच्या. दगडाखाली तिचा नवरा होता.

गावाचं नाव तोटगी. दुधनीहून पुढं निघालं की कर्नाटकाच्या अलीकडचं शेवटचं गाव. इथं बोलता बोलता मराठीचं कन्नड होतं आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. लिंगायतांची घरं जास्त. त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि शेत असेल तर त्याला शेतातच जागा मिळते. कल्लप्पालाही मिळाली, बांधावरच्या बाभळीपासून उगवतीकडं अकरा पावलांवर. खड्डा खणताना खाली मुरूम लागला. टिकाव बसेना, दिवस कलायला लागला, माणसं कंटाळली. मग झाला तेवढ्याच खड्ड्यात त्याला बसवलं. कल्लप्पा उंचापुरा गडी, त्यामुळं डोकं जमिनीपासून जेमतेम हातभर खाली राहिलं. "मेला तरी मान खाली घालंना," असं गाव पुढं महिनाभर म्हणत होतं. वर लिंग कोरलेला एक दगड ठेवला आणि लोक घरी गेले.

कल्लप्पा दुधनीच्या अडतीवर तोलार होता. माल तोलताना काट्यावर त्याचा अंगठा किती जड पडतो हे आसपासच्या दहा गावांना ठाऊक होतं. घरात तो किती जड होता ते मात्र एकट्या जगदेवीला ठाऊक. सकाळी चहाच्या आधी तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवायचं. नुसता हात लावून भागायचं नाही. कपाळ टेकलं पाहिजे, आणि तो दहा मोजेपर्यंत उचलता कामा नये. ओंदु, एरडु, मूरु, असं हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, तो कन्नडात सावकाश मोजायचा. कधी सातावर थांबून बिडी पेटवायचा आणि परत ओंदुपासून सुरुवात करायचा. एकदा घरात दूध उतू चाललं होतं म्हणून ती आठालाच उठली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं ते तेव्हा. ते वाकडंच सांधलं, आणि अजून थंडीत ठणकतं.

तो गेला तेव्हा ती रडली, नाही असं नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं चूल पेटवली, चहा केला आणि कुणाच्या पायाला न शिवता उभ्या उभ्या प्याली. त्या चहाची चव तिला अजून सांगता येते. शेत तिचं झालं. तूर पेरताना बाभळीपासून निघालं की अकराव्या पावलाला बाजूला वळायचं, अशी तिच्या पायांना सवयच लागली. त्या दगडावर तिनं कधी बेल वाहिला नाही, कधी दिवा लावला नाही. तिचा सूड एवढाच होता, आणि तेवढ्यावर ती सुखी होती.

असं सगळं बरं चाललेलं असताना सरकारला तोटगी आवडली.

त्याचं असं झालं. अक्कलकोटहून गाणगापूरला भाविकांच्या गाड्या जातात. त्या वाटेत कुठं थांबत नाहीत. थांबल्या तर माणसं चहा पितील, नारळ घेतील, पोरं बोटीत बसतील, आणि भागाचं भलं होईल. विचार काही वाईट नव्हता. त्यासाठी योजना निघाली, निधी आला, आणि पाहण्यासारखं काय आहे ते पाहायला एक साहेब गावोगाव हिंडू लागले. तोटगीत पाहण्यासारखं काय होतं? एक तळं. तेही एप्रिलात आटणारं, आणि कडेनं सगळी बेशरमीची झुडपं. सरपंच शिवयोगीनं साहेबांना ते तळं चारी बाजूंनी दाखवलं. चारी बाजूंनी ते सारखंच दिसलं. दमून साहेब बाभळीखाली टेकले, तेव्हा त्यांना दगड दिसला.

"ही समाधी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

घोळ झाला तो इथं, म्हणून हे नीट सांगायला हवं. जगदेवी समोरच उभी होती. पण तिच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, आणि मेलेल्याचं तर नाहीच. रेशनला, मतदानाला, बँकेत, कुठंही नाव विचारलं की ती पदर पुढं ओढते, मान खाली घालते, आणि शेजारी जो कुणी असेल तो तिच्या वतीनं नाव सांगून टाकतो. गावाला हे पाठ आहे. तिनं पदर ओढला, मान खाली घातली आणि शिवयोगी बोलायची वाट पाहिली. शिवयोगी म्हणजे कल्लप्पाचा जिवाभावाचा मित्र. खड्ड्यात उतरून त्याला बसवणाऱ्या चौघांतला एक. नाव त्यालाच ठाऊक नसायचं तर कुणाला?

शिवयोगीनं साहेबांच्या तोंडाकडं पाहिलं. साहेब त्या झुकलेल्या मानेकडं बघत होते आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते.

"लई जुनी हाय साहेब," शिवयोगी म्हणाला. "तीनशे वर्सं तर कुटं गेली न्हाईत. शिद्धपुरुष हुते. केरेलिंग म्हाराज. केरे म्हंजे तळं की आमच्यात. ह्या बाईचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सेवा करतंय."

"आणि ही शेळी?"

"म्हाराजांना शेळ्या लई प्रिय हुत्या, साहेब."

जगदेवीला वाटलं शिवयोगी थट्टा करतोय, आता हसेल आणि खरं नाव सांगेल. तिनं पदराआडून पाहिलं. साहेब वहीत लिहीत होते.

चार महिन्यांनी मंजुरी आली. तिच्या शेतातल्या घराच्या ओट्यावर शिवयोगी पेढे घेऊन आला आणि बसून राहिला. जगदेवीनं पेढ्याला हात लावला नाही.

"शिवयोगीभाऊ, खड्ड्यात तुमी उतरला हुता की," ती म्हणाली. "त्यो म्हाराज हुता का?"

"मला समदं ठाव हाय, वैनी. तुमच्या हाताचं बी ठाव हाय." शिवयोगी जमिनीकडं बघत होता. "पर आता पाचामुखी परमेश्वर म्हणायचं. रस्ता येतोय. यष्टीचा थांबा येतोय. तीस पोरांची दुकानं हुत्याल. एक माणूस मेल्यावर तरी गावाच्या उपयोगी पडतोय, तर पडू द्या की."

"आन्‌ मी न्हाय म्हणलं तर?"

"तर शेत जातंयच, तळ्याच्या सुशोभीकरणात. रिकाम्या हातानं जाईल. दानपत्र दिलं तर तुमाला सेविका म्हणून घेत्यात, ऱ्हायला खोली, आन्‌ तिकीटखिडकीवर शिवलीला. घराण्यातलीच माणसं लागत्यात, कागदावर तसं लिव्हलंय."

शिवलीला ही तिची एकुलती लेक. बी.ए. झालेली. वैराग गावी दिली होती, दोन वर्षांत परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही, कारण आईला ते तिच्या दंडावर दिसलं होतं. तेव्हापासून पोरगी घराच्या कोपऱ्यात बसून भिंतीकडं बघायची. त्या दिवशी मात्र ती दारात येऊन उभी होती. तिकीटखिडकी हा शब्द ऐकल्यावर तिच्या तोंडावर जे आलं ते जगदेवीनं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. मग धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. जगदेवीनं दानपत्रावर सही केली.

सेविकेनं काय काय करायचं ते नंतर कळलं. झाडलोट, दिवाबत्ती, आणि सकाळ-संध्याकाळ आरती. आरती झाली की समाधीवर माथा टेकायचा, म्हणजे पर्यटकही टेकतील.

जगदेवीला जगात एवढीच एक गोष्ट नको होती. शेत गेलं तरी चालेल, घर गेलं तरी चालेल, पण त्या माणसापुढं परत कपाळ टेकायचं नव्हतं. ती शिवलीलेला म्हणाली, "मला ह्ये जमायचं न्हाय."

"अव्वा, दगडाला टेकायचं," शिवलीला म्हणाली. "बाबाला कुठं टेकायचंय?"

शिवलीलेचं तरी काय चुकलं? बाप गेला तेव्हा ती अकरा वर्षांची. लेकीवर त्यानं कधी हात उगारला नव्हता, उलट दुधनीहून येताना तिच्यासाठी खारी आणायचा. पोरीच्या आठवणीत बापाला खारीचाच वास होता. आईनं तो कधी पुसला नव्हता.

काम सुरू होण्याआधी सोलापूरहून चैताली नावाची मुलगी आली. माहितीचा फलक लिहायचं काम तिच्याकडं होतं. पाठीला सॅक, पायात साधी चप्पल, आणि बोलणं सरळ. शिवयोगीनं दिलेला मजकूर तिच्या हातात होता. तिनं शिवयोगीला चहाच्या निमित्तानं लांब पाठवलं आणि जगदेवीजवळ येऊन बसली.

"मावशी, दगड तीनशे वर्षांचा वाटत नाही हो," ती म्हणाली. "याच्यावरचं कोरीवकाम मशीनचं आहे."

सांगायची वेळ हीच, हे जगदेवीला कळलं. पण नाव ओठांवर येईना. आयुष्यात कधी घेतलं नव्हतं ते आता कुठून येणार? ती आत गेली, पेटी उघडली, आणि तळाशी घडी करून ठेवलेला मृत्यूचा दाखला चैतालीच्या हातात दिला. मग आपलं वाकडं मनगटही पुढं केलं. काय, कसं, किती वर्षं, ते दहा अंक, सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही, पण मध्येच उठून पाणी प्यावं लागलं.

चैतालीनं दाखला दोनदा वाचला. मग तिनं त्याची होती तशीच घडी घातली.

"मावशी, हा परत पेटीत ठेवा. तळाशीच."

"का गं? खोटा न्हाय त्यो."

"खोटा नाही म्हणूनच. मंजुरीवर मोठमोठ्या सह्या झाल्यात. हे आता मी वर सांगितलं, तर आधी विचारतील, दानपत्रावर या बाईनं सही का केली? सगळं तुमच्या आणि तुमच्या मुलीच्या अंगावर येईल. आणि मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. माझ्याही घरी आई आहे." तिनं सॅक जवळ ओढली. "मला लाज वाटतेय मावशी, पण हे मी ऐकलेलं नाही."

जाताना तिनं पेन काढलं आणि शिवयोगीच्या मजकुरातल्या एका ओळीवर काट मारली. ओळ अशी होती, 'महाराजांच्या धर्मपत्नीने त्यांच्या चरणांची आजन्म सेवा केली.' तेवढंच तिच्या हातात होतं. जगदेवीला तिचा राग आला नाही. तीही बिचारी आपल्यासारखीच कुठंतरी दावणीला बांधलेली आहे, हे दिसत होतं.

मग सात महिने शेताभोवती पत्रे लागले. जगदेवीचं घर पाडलं. मायलेकी दुधनीत एका खोलीत राहिल्या. पत्र्यांच्या आत काय चाललंय ते बघायची जगदेवीला इच्छाही नव्हती. उद्‌घाटनाच्या आठवडाभर आधी शिवयोगी तिला आत घेऊन गेला, तेव्हा तिला आपलं शेत ओळखू आलं नाही. बांध गेला होता, सगळं सपाट करून रंगीत फरशा बसवल्या होत्या. तळ्यात हंसाच्या आकाराच्या सहा बोटी होत्या. काठावर माणसाएवढ्या लाल अक्षरांत 'आय लव्ह तोटगी' उभं होतं. मुख्य कमानीतून आत आलं की थेट समोर संगमरवरी चौथरा, वर घुमटी, आणि आत तो दगड, तेल पाजून काळाभोर केलेला. जुन्यातलं फक्त बाभळीचं झाड तेवढं उरलं होतं, त्याच्याभोवती पार बांधला होता. बाकी कुठून काय किती लांब याचा अंदाजच राहिला नव्हता, आणि त्या दगडाकडं ती मान वर करून बघत तरी कुठं होती?

"तुमची खोली तेवढी आराखड्यात ऱ्हायली हुती," शिवयोगी ओशाळून म्हणाला. "तयार पत्र्याची आणून ठिवायची हाय. खणाखणी न्हाय, नुसतं जमिनीवर काँक्रीट वतायचं, की झाली. कुटं ठिवू सांगा. हितं, समाधीजवळ?"

"न्हाय, न्हाय!" जगदेवी एवढ्या जोरात म्हणाली की शेजारचा गवंडी वळून बघू लागला. "तितं, लांब. त्या बाभळीपाशी ठिवा."

तिच्या शब्दाला मान देऊन खोली बाभळीपाशी ठेवली.

उद्‌घाटन दणक्यात झालं. मंत्री आले, फीत कापली, भाषणं झाली. तोटगीच्या समृद्ध वारशाबद्दल सोलापूरहून आलेल्या वक्त्यानं पाऊण तास सांगितलं आणि सगळ्या तोटगीनं ते गंभीर चेहऱ्यानं ऐकलं. काट्यावर ज्यांची तूर दरवर्षी कमी भरली होती, ती म्हातारी माणसं पुढच्या रांगेत टोप्या घालून बसली होती. एकानंही खोकून दाखवलं नाही. जगदेवीला योजनेचं चिन्ह छापलेली मरून साडी दिली होती. ध्वनिक्षेपकावरून तिचं नाव पुकारलं, 'परंपरागत सेविका श्रीमती जगदेवी.' ती चौथऱ्याच्या पायऱ्या चढली, आरती केली, आणि शिवलीला खिडकीतून बघत होती म्हणून गुडघे टेकून दगडावर कपाळ ठेवलं.

दगड थंड होता. तिच्या कानात आपसूक सुरू झालं, ओंदु, एरडु, मूरु. हत्तु झाल्याशिवाय तिला डोकं उचलताच येईना. लोकांना वाटलं, काय भक्ती आहे! टाळ्या वाजल्या.

त्या दिवसापासून रोज दोनदा. तो जिवंत होता तेव्हा दिवसातून एकदाच होतं. आता सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला, शिवाय रविवारी गाड्या जास्त आल्या तर मधे एकदा खास. लोक मोबाइल रोखून उभे राहायचे. कुणी म्हणायचं, "आजी, जरा परत टेका की, नीट आलं नाही." ती परत टेकायची. बायका तिच्या वाकड्या मनगटाला हात लावून तो डोळ्यांना लावायच्या. त्या मनगटाबद्दल नारळवाल्यानं काहीतरी चमत्कार पसरवला होता. आतल्या आत जगदेवी वाळत चालली. तिला जेवण जाईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण शिवलीला पगारातून स्वतःसाठी सायकल घेऊन आली, खिडकीत बसून लोकांशी हसून बोलू लागली, आणि एका सकाळी चक्क गुणगुणली. मग आई कुठं जाणार?

एप्रिल लागला. तळं आटलं, हंस चिखलात बसले. गाड्या कमी झाल्या. शिवयोगी एक दिवस चौथऱ्याच्या सावलीत टेकला होता. जगदेवी झाडत होती. ती सहज म्हणाली, "चौथरा तडकलाय भाऊ हितं. खाली भुसभुशीत हाय का काय? खड्डा खणला त्या वक्ताला तर टिकाव बसत नव्हता."

"तितला मुरूम येगळा, वैनी. ही भरावाची जागा की," शिवयोगी बोलून गेला, आणि मग त्यानं जीभ चावली.

"म्हंजे?"

शिवयोगीनं इकडंतिकडं पाहिलं. "कुणाला बोलू नका. कमानीतून सरळ दर्शन व्हायला पायजे म्हणून ठेकेदारानं जेसीबीनं दगड सरकवला. मी नव्हतो त्या दिवशी. नुसता दगडच हो, वरचा. खाली कोण खणतंय?"

जगदेवीच्या हातातला झाडू तसाच राहिला. "म्हंजे ह्येच्या खाली कुणीच न्हाय?"

"कुणीच न्हाय."

ती हसली. आधी पदरात, मग उघड, मग खाली बसून. शिवयोगी घाबरला, पाणी आणू का म्हणाला. सहा महिने ती रिकाम्या दगडापुढं मरत होती! त्या संध्याकाळी आरती झाली आणि तिनं असं पटकन कपाळ टेकलं आणि उचललं, जसं कुणी डबा उघडून बघावं. कानात एकही अंक वाजला नाही. रात्री ती दोन भाकरी जेवली. शिवलीला बघतच राहिली.

चार दिवस असे सुखाचे गेले. पाचव्या दिवशी सकाळी आरती उरकून ती बाभळीच्या पारावर पडलेल्या शेंगा झाडत होती, तेव्हा तिच्या मनात आलं, हितं न्हाय, तर मग हाय कुटं?

तिनं झाडू पाराला टेकवला. बाभळीला पाठ लावली. तोंड उगवतीकडं केलं. डोक्यानं विचार करायची गरजच नव्हती, पायांना सगळं ठाऊक होतं. एक, दोन, तीन, रंगीत फरशी. सहा, सात, फरशी संपली. नववं पाऊल तिच्या खोलीच्या पायरीवर पडलं. दहावं उंबऱ्याच्या आत. अकरावं पुरं पडायच्या आत पलंगाची कड तिच्या नडगीला लागली.

ती तिथंच उभी राहिली. पंखा फिरत होता. पलंगावर तिची गोधडी होती, उशी होती. सहा महिने ती इथं झोपली होती. आपल्या तोंडानं जागा मागून घेतली होती, लांब पायजे म्हणून. मनगट ठणकलं, उन्हाळा असून.

ती धावत शिवयोगीकडं गेली. खोली हलवा म्हणाली. का, ते सांगितलं नाही. शिवयोगी म्हणाला, "वैनी, आता ती शासकीय मालमत्ता. हलवायची तर वरून परवानगी, आन्‌ वरचे इचारतील, का?" तिनं खोलीबाहेर अंथरूण टाकलं, तर दुसऱ्या दिवशी रखवालदारानं सांगितलं, कॅमेऱ्यात वाईट दिसतं, पर्यटनस्थळावर उघड्यावर झोपायला मनाई आहे. दुधनीला जाऊन राहते म्हणाली, तर शिवलीला हळूच म्हणाली, "अव्वा, सेविका हजर नसली तर माझी खिडकी पण जाते." पोरीच्या आवाजात वैरागहून परत आली तेव्हाचा घाबरा सूर होता. जगदेवीनं अंथरूण परत आत नेलं. शेत गेलं, घर गेलं, आणि शेवटी हिंडून फिरून ती परत त्याच माणसाच्या दारात आली होती. यातून सुटका नव्हती. आता तिनं ते स्वतःशी स्पष्ट म्हणून टाकलं, की सुटका नाही.

दोन दिवस ती खोलीत भिंतीला धरून चालली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आरतीला थोडा वेळ होता, ती चिखलात बसलेल्या हंसांच्या भोवतालचा कचरा काढून आली. पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलानं भरले होते. नेहमीप्रमाणं नळाकडं वळली आणि थांबली.

तिला खड्डा आठवला. मुरूम आठवला. बसवलेला तो, आणि हातभर मातीखाली राहिलेलं त्याचं डोकं. मेला तरी मान खाली घालंना.

ती तशीच खोलीत गेली. उंबऱ्याच्या आत दहावं पाऊल. पलंग तिनं जोर लावून मागं सरकवला, इतका की कडेवर बसलं तर पाय बरोबर अकराव्यावर यावेत. दार लोटून घेतलं. पलंगावर बसली आणि चिखलाचे दोन्ही तळवे काँक्रीटवर नीट, सपाट टेकवले.

"कल्लप्पा," ती म्हणाली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं. कुणी धावून आलं नाही. पंखा फिरत राहिला. आवाज आपलाच आहे का, म्हणून तिनं परत एकदा म्हणून पाहिलं.

"कल्लप्पा, मला हितनं सोडत न्हाईत. तुला बी न्हाय सोडणार आता कुणी. तू बी हितंच, मी बी हितंच." तिनं टाचा जरा दाबल्या. "पाय धुतले न्हाईत हं मी."

बाहेर लाउडस्पीकरवर आरतीची घंटा वाजली. गाणगापूरची एक गाडी आली होती, लोक चौथऱ्यापाशी मोबाइल काढून उभे होते. शिवलीलेनं पत्र्याच्या दारावर थाप मारली. "अव्वा, लोक थांबलेत. चल की लवकर."

"ओंदु," जगदेवी आत म्हणत होती. "एरडु. मूरु." सातावर ती थांबली. पदरानं सावकाश तोंड पुसलं, आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

"अव्वा! किती वेळ?"

"थांब गं," ती म्हणाली. "हत्तु हुईपतोर उठायचं न्हाय."